दोष आणि निदान

कोणतेंही चालतें काम एकाएकीं बंद पडलें म्हणजे मनुष्याच्या तोंडून प्रथम जो प्रश्न बाहेर पडतो तो "हें कशानें झालें?" असा क्वचितच असतो, बहुधा तो "हें कोणी केलें?" असाच असतो. घरांतील घड्याळ थांबो, मुलगा परीक्षेंत नापास होवो, किंवा एखाद्या संस्थेचा जमाखर्च जुळेनासा होवो. प्रसंग लहान असो वा मोठा, बुद्धि कारणाच्या शोधास निघण्यापूर्वींच मन अपराध्याच्या शोधास निघालेलें असतें. अपराधी सांपडला कीं चित्तास एक प्रकारचें समाधान लाभतें, आणि त्या समाधानासच आपण ज्ञान समजून बसतों. वस्तुतः तेथें राग शांत झालेला असतो, एवढेंच. दूषण देणें आणि निदान करणें या दोन क्रिया भिन्न आहेत हें कोणीही सुशिक्षित मनुष्य तत्काळ मान्य करील. परंतु व्यवहारांत पहिली क्रिया दुसरीच्या जागीं इतक्या सहजतेनें येऊन बसते कीं, ही अदलाबदल झाल्याचें आपल्या ध्यानांतही येत नाहीं.

यावरून एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि त्याचाच विचार आम्ही येथें करूं इच्छितों. कारणाचा शोध नीट लावणें ही केवळ बुद्धीची चतुराई आहे, कीं तें मनुष्याचें एक नैतिक कर्तव्य आहे? ज्यास तें साधत नाहीं त्यास आपण मंदबुद्धि म्हणून सोडून द्यावें, कीं जो तें टाळतो त्यास अन्यायी म्हणावें?

या प्रश्नाच्या विवेचनार्थ आम्ही जो दृष्टान्त घेणार आहों तो साहित्याच्या वाचकांस प्रथमदर्शनीं रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तो एका माती उपसणाऱ्या यंत्राचा आहे. परंतु नैतिक प्रश्नांचा विचार करतांना मनुष्याचाच दृष्टान्त घेतला तर आपली प्रीति आणि आपला द्वेष हीं दोन्हीं मध्यें येतात. यंत्रावर कोणाचें प्रेम नसतें, त्याच्याशीं कोणाचें भाऊबंदकीचें वैरही नसतें. म्हणून कारणशोधाचें शुद्ध रूप पाहावयाचें असेल तर बिघडलेलें यंत्र हा एक चांगला गुरु आहे.

अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतांत रॉथसे नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें सिरिल व लुई केलर हे दोघे बंधु यंत्रांच्या दुरुस्तीचा धंदा करीत. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या कोठारांतील घाण उपसण्याचें काम यंत्रानें व्हावें, परंतु तें यंत्र अरुंद जागेंत वळावें, अशी अडचण त्यांच्यापुढें आली. आणि १९५७ सालीं त्यांनीं तीन चाकांचें एक हलकें यंत्र तयार केलें, जें आपल्या लांबीएवढ्याच जागेंत फिरत असे. १९५८ सालीं नॉर्थ डाकोटांतील ग्विनर येथील मेलरो कंपनीनें त्याचे हक्क विकत घेतले. त्या वर्षाच्या अखेरीस जें यंत्र बाजारांत आलें त्याचें इंजिन १२.९ अश्वशक्तीचें होतें व तें ७५० पौंड ओझें उचलीत असे. १९६० सालीं मागच्या सुट्या चाकाच्या जागीं आंस बसवून तें चार चाकांचें करण्यांत आलें, आणि १९६२ सालीं त्यास बॉबकॅट हें नांव मिळालें. पुढें अनेक कंपन्यांनीं तशीं यंत्रें काढलीं. या सर्वांस मिळून स्किड स्टिअर लोडर म्हणतात. आपल्याकडेही बांधकामाच्या जागीं व शहरांच्या अरुंद गल्ल्यांत तीं दिसूं लागलीं आहेत, आणि कंपनी कोणतीही असली तरी पुष्कळ लोक त्यांस बॉबकॅट याच नांवानें ओळखतात.

या यंत्राची मौज अशी कीं, त्याचीं चाकें मोटारीच्या चाकांप्रमाणें डावी-उजवीकडे वळत नाहींत. डाव्या बाजूचीं दोन चाकें साखळ्यांनीं परस्परांशीं जखडलेलीं असतात, उजव्या बाजूचीं दोन तशींच. डावीकडील जोडी वेगानें आणि उजवीकडील मंद फिरली कीं यंत्र उजवीकडे वळतें. एक जोडी पुढें आणि दुसरी मागें फिरली कीं तें जागच्या जागीं गिरकी घेतें. चाकें त्या वेळीं जमिनीवर घसरतात, आणि त्या घसरण्यावरूनच त्यास हें नांव पडलें. हल्लींच्या यंत्रांत हा वेग तेलाच्या दाबानें उत्पन्न केला जातो. इंजिन दोन पंप फिरवितें, प्रत्येक बाजूस एक. पंपांत एक तिरकी होणारी तबकडी असते. चालकानें दांडा जितका ढकलावा तितकी ती कलते आणि तितकें तेल होसपाइपांतून त्या बाजूच्या मोटरकडे जातें. ओझें जड असलें म्हणजे या तेलाचा दाब दर चौरस इंचास कांहीं हजार पौंडांपर्यंत चढतो. मोटर साखळ्या फिरविते, साखळ्या चाकें फिरवितात. याशिवाय एक लहान पंप असतो, त्याचें काम पाझरून गेलेल्या तेलाची सतत भरपाई करण्याचें. त्याला स्वतःला ओझें उचलावें लागत नाहीं, परंतु तो थकला तर दोन्ही थोरले पंप निकामी होतात. गृहस्थाश्रमाचा अनुभव असलेल्या वाचकांस अशा पंपाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

तात्पर्य, या यंत्राचे कांहीं अवयव प्रत्येक बाजूचे स्वतंत्र आहेत आणि कांहीं दोहोंस समाईक आहेत. इंजिन, तेलाची टाकी, फिल्टर व भरपाईचा पंप हे समाईक. थोरला पंप, दांडा, मोटर व साखळ्या हीं ज्याचीं त्याचीं. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण पुढील सर्व विचार त्यावर उभा आहे.

आतां समजा कीं, यंत्र चालेनासें झालें. चालक येऊन सांगतो, "यंत्र चालत नाहीं." हें वाक्य रोग्याच्या "बरें वाटत नाहीं" या वाक्यासारखेंच आहे, तें खरें असतें, पण त्यापासून कांहीं निष्पन्न होत नाहीं. जाणता मेकॅनिक येथें हत्यारास हात घालीत नाहीं. तो विचारतो: दोन्ही बाजू चालत नाहींत कीं एकच? पुढें जात नाहीं कीं मागें जात नाहीं, कीं दोन्ही? सकाळीं थंड असतां चालतें आणि दुपारीं मंदावतें काय? रिकामें असतां चालतें आणि बादली भरली कीं थांबतें काय? हें एकाएकीं झालें कीं हळूहळू? आवाज कसा येत होता? आपल्या वैद्यकांत माधवकरानें रोगाच्या ज्ञानाचीं जीं पांच साधनें सांगितलीं आहेत, म्हणजे निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति, तीं सर्व या प्रश्नांत आलेलीं आहेत. तो मेकॅनिक माधवनिदान वाचलेला नसतो. परंतु ज्या मार्गानें बुद्धीस जावेंच लागतें त्या मार्गावर कोणत्याही देशाचा शहाणा मनुष्य शेवटीं येऊन पोहोंचतो.

प्रश्नांनंतर येतें तें क्षुल्लकाचें परीक्षण. तेलाची पातळी बरोबर आहे काय? फिल्टर तुंबला आहे काय? यंत्र एका बाजूस ओढत असेल तर दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा सारखी आहे काय? हीं कारणें इतकीं साधीं आहेत कीं तीं पाहण्यांत विद्वत्तेस कमीपणा वाटतो. मोठ्या दुःखास कारणही मोठेंच असलें पाहिजे अशी आपली एक सुप्त समजूत असते. पन्नास लोकांचें काम अडलें आणि त्याचें मूळ कमी झालेलें दोन शेर तेल निघालें, तर आपणांस कोणी फसविल्यासारखें वाटतें. परंतु स्वस्त परीक्षा आधीं आणि महाग परीक्षा नंतर हा केवळ काटकसरीचा नियम नाहीं. ज्याच्या पैशानें आणि ज्याच्या वेळानें परीक्षा व्हावयाची, तो दुसरा कोणी असतो. म्हणून त्या नियमांत परक्याच्या धनाविषयीं आदरही आहे.

त्यानंतर मुख्य विवेक येतो. दोन्ही बाजू एकदम मंदावल्या असतील तर दोष समाईक अवयवांत असण्याचा संभव अधिक. कारण दोन स्वतंत्र मोटरी एकाच दिवशीं बिघडाव्यात हें अशक्य नसलें तरी दुर्मिळ आहे. एकच बाजू बंद असेल तर इंजिन, टाकी व भरपाईचा पंप यांस बहुतांशीं निर्दोष सोडावें आणि त्या बाजूच्या पंपापासून साखळीपर्यंतची मालिका पाहावी. जॉन स्टुअर्ट मिल यानें आपल्या तर्कशास्त्रावरील १८४३ सालच्या ग्रंथांत कारणशोधाच्या ज्या पद्धति सांगितल्या आहेत, त्या महाविद्यालयांत अनेक पिढ्यांनीं पाठ केल्या आणि परीक्षेनंतर विसरल्या. त्या येथें काळ्या तेलानें माखलेल्या हातांनीं रोज आचरणांत येतात.

त्यांतील भेदपद्धति, जिला आपले नैयायिक व्यतिरेक म्हणून ओळखतात, तिचें या यंत्रावरील उदाहरण फार सुंदर आहे. समजा, डावी बाजू बंद आहे, आणि दोष डाव्या पंपांत आहे कीं डाव्या मोटरींत हें कळत नाहीं. दोन्ही अवयव महाग, दोन्ही खोल बसविलेले. अशा वेळीं, यंत्राची रचना अनुकूल असेल तर, तें भक्कम ठोकळ्यांवर उचलून, इंजिन बंद करून व दाब उतरवून दोन्ही बाजूंच्या मोटरींचे होसपाइप परस्परांत बदलतात. आतां डाव्या पंपाचें तेल उजव्या मोटरीस आणि उजव्या पंपाचें डाव्या मोटरीस जातें. यानंतर उजवीं चाकें बंद पडलीं तर दोष तेलाबरोबर गेला, म्हणजे तो पंपाच्या बाजूचा. डावींच चाकें बंद राहिलीं तर दोष जागचा हलला नाहीं, म्हणजे तो मोटरीचा किंवा तिच्या पलीकडचा. एकही नवा अवयव विकत न घेतां, एकासही खोटा आळ न लावतां, प्रश्न निम्म्यावर येतो. आमच्या मतें ज्यास न्याय म्हणतात त्याचा हा अगदीं लहान परंतु निर्दोष नमुना आहे: दोघां संशयितांस समान परिस्थितींत ठेवावें आणि मग पाहावें.

सहचारपद्धतीचें उदाहरण उष्णतेचें आहे. सकाळीं यंत्र धडधाकट चालतें आणि दुपारीं त्याचें बळ जातें, याचा अर्थ पुष्कळदां असा असतो कीं पंपाचे वा मोटरीचे आंतील पृष्ठभाग झिजलेले आहेत. थंड तेल घट्ट असतें, तें फटींतून फारसें निसटत नाहीं. तापलेलें तेल पातळ होतें आणि जो दाब चाकांस मिळावयाचा तो आंतल्या आंतच पाझरून जातो. त्याचप्रमाणें, यंत्र ठोकळ्यांवर अधांतरीं असतां चाकें गरगर फिरतात, परंतु जमिनीवर टेकलें कीं थांबतात. अधांतरीं फिरणें हें सामर्थ्याचें प्रमाण नव्हे. मनुष्याच्या शीलाविषयीं हेंच म्हणतां येईल: ओझें नसतां जो चालतो तो चालूं शकतो एवढें सिद्ध होतें, तो वाहूं शकतो हें सिद्ध होत नाहीं.

येथपर्यंतचें विवेचन बुद्धीचें झालें. नीतीचा संबंध कोठें येतो तें आतां पाहूं.

समजा, याच यंत्रावर एप्रिल महिन्यांत नवा चालक नेमला गेला, आणि त्याच महिन्यापासून दुपारीं यंत्र मंदावूं लागलें. मालक म्हणतो, जुन्या चालकाच्या हातीं हें कधीं झालें नाहीं. नव्याला यंत्र हांकतां येत नाहीं. यास आपल्या शास्त्रकारांनीं काकतालीय न्याय म्हटलें आहे. कावळा बसला आणि फळ पडलें, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें! वास्तविक पंप दोन वर्षांपासून झिजत होता. हिवाळ्यांत ती झीज झांकून राहिली आणि उन्हाळ्यानें ती उघडी केली. नवा चालक केवळ उन्हाळ्याबरोबर आला. नैयायिक ज्यास उपाधि म्हणतात ती येथें हवेची उष्णता आहे. जेथें अग्नि तेथें धूर, हें विधान ओल्या लांकडांच्या उपाधीमुळेंच खरें भासतें. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. हा नियम मालकास माहीत नव्हता, यांत त्याचा अपराध नाहीं. परंतु त्यानें चालकास कामावरून काढलें तर त्या चुकीचा दंड कोणी भरला? मालकानें नव्हे. चालकाच्या घरीं चूल पेटली नाहीं, आणि यंत्र पुढच्या चालकाच्या हातींही दुपारीं मंदावलें.

आमच्या मतें आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. निदान चुकल्याचा तोटा जेथें निदान करणाऱ्यास स्वतःसच सोसावा लागतो, तेथें नीट विचार करणें हा केवळ व्यवहारीपणा आहे. तो न करणारा फार तर मूर्ख ठरेल. परंतु जेथें चुकीचा दंड दुसऱ्याच्या माथीं बसतो, तेथें तीच निष्काळजी अन्याय होते. आणि जगांत दुसरा प्रकारच अधिक आहे. मेकॅनिकनें अंदाजानें पंप बदलला तर पैसे मालक देतो. वैद्यानें अंदाजानें औषध दिलें तर रोगी तें गिळतो. शिक्षकानें विद्यार्थ्यास मठ्ठ ठरविलें तर तो शब्द विद्यार्थी जन्मभर वाहतो. निदान करणाऱ्याच्या हातीं जितकी सत्ता अधिक आणि चुकीचा स्वतःस होणारा त्रास जितका कमी, तितकें त्याचें कर्तव्य कडक असलें पाहिजे. वस्तुस्थिति मात्र पुष्कळदां याच्या उलट असते.

यावर व्यवहारी मनुष्य असा आक्षेप घेईल कीं, "हें सर्व शोभतें तें निवांत बसलेल्यांस. काम अडलें असतां तर्कशास्त्र कोण करीत बसणार? पंप बदलावा; नाहीं चाललें तर मोटर बदलावी; शेवटीं कशानें तरी चालेलच." या आक्षेपांत कांहीं तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. जेथें अवयव स्वस्त आणि वेळ महाग, तेथें बदलून पाहणें हीच कधीं कधीं सर्वांत शहाणपणाची परीक्षा असते. परंतु या यंत्राचा एक धर्म असा आहे कीं तो त्या घाईस चांगलाच धडा शिकवितो. पंप मोडतो तेव्हां त्याचे धातूचे बारीक कण तेलांत मिसळतात, आणि तेल तर सर्वत्र फिरणारें! ते कण नळ्यांत, झडपांत, मोटरींत व टाकीच्या तळाशीं जाऊन बसतात. अशा यंत्रांत तेल न बदलतां, नळ्या न धुतां नवा पंप बसविला, तर जुन्या पंपाच्या चुऱ्यानें नवा पंपही लवकरच खराब होतो. मग लोक म्हणतात, नवा पंपही वाईट निघाला! संस्थांच्या कारभारांत हेंच किती वेळां घडतें पाहा. एक चिटणीस भ्रष्ट निघाला म्हणून त्यास काढतात, आणि त्याच खोलींत, त्याच हिशेबाच्या वह्यांपुढें, त्याच मंडळींच्या मध्यें दुसरा आणून बसवितात. वर्षभरांत तोही तसाच होतो, आणि मग "मनुष्यजातच वाईट" असा सिद्धान्त निघतो. तेल कोणी बदललें नव्हतें.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. मनुष्य म्हणजे यंत्र नव्हे. त्यास इच्छा आहे, आणि इच्छा आहे म्हणून दायित्व आहे. प्रत्येक कृत्याचें कारण शोधीत बसलें तर शेवटीं कोणीच अपराधी उरणार नाहीं. चोरानें दारिद्र्याकडे बोट दाखवावें, दारुड्यानें संगतीकडे, आणि न्यायाधीशानें हात जोडून स्वस्थ बसावें. हा आक्षेप दृष्टान्ताची मर्यादा दाखवितो, आणि ती मर्यादा आम्हांस मान्य आहे. किंबहुना ती दोन ठिकाणीं मान्य केली पाहिजे. पहिलें असें कीं, यंत्र उकलून पाहतां येतें, मनुष्य उकलून पाहतां येत नाहीं. त्याच्यावर केलेली प्रत्येक परीक्षा त्यास लागते. सुनेची वा नोकराची रोज परीक्षा पाहणें यास निदान म्हणत नाहींत, छळ म्हणतात. म्हणून मनुष्याच्या बाबतींत जी परीक्षा त्याच्या मानास धक्का न लावतां होईल तीच आधीं करावी. दुसरें असें कीं, निदान झाल्यावरही दोष शिल्लक राहूं शकतो. पंप झिजला हें कारण खरें. परंतु तेल बदलण्याची वेळ उलटून गेली आणि ज्याचें तें काम होतें त्यानें तें जाणूनबुजून टाळलें, असें निघालें तर तो दोषी आहेच. निदानानें दोष नाहींसा होत नाहीं; तो योग्य मनुष्यापाशीं आणि योग्य मापानें जाऊन पोहोंचतो. आधीं दोष आणि मग कारण हा क्रम आम्हांस अमान्य आहे; आधीं कारण आणि मग, उरलाच तर, दोष, इतकेंच आमचें म्हणणें.

नापास झालेल्या मुलाकडे या दृष्टीनें पाहिलें तर घरोघरींचें पुष्कळ रडणें कमी होईल. तो सर्व विषयांत मागें आहे कीं एकाच? सर्वांत मागें पडला असेल तर समाईक कारण पाहावें: त्याचे डोळे, त्याची झोप, घरांतील कलह. एकाच विषयांत असेल तर त्या विषयाची मागील इयत्तेंतील राहून गेलेली पायरी पाहावी. घरीं उत्तरें येतात आणि परीक्षागृहांत येत नाहींत, तर तें ओझ्याखालीं थांबणें आहे, अज्ञान नव्हे. महिनाभर दुसऱ्या कोणाकडे शिकावयास पाठवून पाहावें. फरक पडला तर प्रश्न निम्म्यावर आला. यांपैकीं एकाही परीक्षेस छडी लागत नाहीं. आणि हें सर्व केल्यानंतर, मुलगा केवळ आळशीच आहे असें ठरलें, तर त्यास तसें सांगण्याचा अधिकार बापास प्राप्त होतो; आणि मुलासही तो शब्द खरा वाटतो, कारण तो शोधाअंतीं आलेला असतो.

शेवटीं एका गोष्टीचा विचार राहिला, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. कधीं कधीं यंत्र चालत नाहीं तें बिघडल्यामुळें नव्हे. या यंत्रांत चालकाच्या मांडीवर येणारा एक आडवा दांडा असतो किंवा तत्सम दुसरी योजना असते. चालक आसनावर नीट बसला नसेल, दांडा खालीं आला नसेल, तर ब्रेक सुटत नाहीं आणि पुढचे हात हालत नाहींत. ही योजना उगीच केलेली नाहीं. चालक आसन सोडून पुढें वाकला किंवा उचललेल्या हातांखालून बाहेर पडूं लागला, आणि तेवढ्यांत ते खालीं आले, तर तो त्यांच्यामध्यें चिरडतो; असे मृत्यु प्रत्यक्ष घडलेले आहेत. अमेरिकेंतील कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेनें १९९८ सालीं याच यंत्राविषयीं स्वतंत्र इशारा प्रसिद्ध केला, आणि ही सुरक्षेची योजना कधींही निकामी करूं नये असें त्यांत बजावलें. परंतु या योजनेच्या स्विचाची तार तुटली किंवा त्यांत चिखल गेला, म्हणजे धडधाकट यंत्रही जागचें हलत नाहीं. स्विच मीटरनें तपासून बदलणें हा सरळ मार्ग आहे. दुसरा मार्ग त्याहून जलद आहे: दोन तारा एकत्र जोडून टाकाव्यात, म्हणजे चालक बसलाच आहे असें यंत्रास सदैव वाटत राहील. यंत्र तत्काळ चालूं लागतें, मालक खूष होतो, आणि मेकॅनिकची वाहवा होते. आणि त्या क्षणापासून जो रक्षक जागा होता तो कायमचा निजलेला असतो.

निदान आणि लक्षणाचें दमन यांतील भेद याहून स्पष्ट कोठें दिसणार? आपल्या समाजांतही असे स्विच आहेत. पावतीशिवाय बिल मंजूर न करणारा कारकून, अर्धवट शिजलेल्या योजनेवर सही न करणारा इंजिनिअर, घरांत सर्वांच्या मतें "उगीच विघ्न काढणारी" वडील बाई: यांच्यामुळें काम अडतें हें खरें. त्यांची शंका कधीं निराधार असते, जसा स्विच कधीं चिखलानें अडतो. तेव्हां ती तपासून दूर करावी. परंतु आपण बहुधा शंका तपासीत नाहीं. शंका घेणाऱ्यासच बाजूला करतों. कारकुनाची बदली होते, काम "चालूं लागतें", आणि अडथळा दूर केल्याबद्दल वरिष्ठांचें अभिनंदन होतें. पुढें अपघात झाला म्हणजे मात्र सर्वजण पुन्हां आपला तो जुना प्रश्न विचारतात: हें कोणी केलें?

म्हणून आमचा निष्कर्ष असा कीं, कारणशोध हें बुद्धीचें काम असलें तरी तो करण्याचें ठरविणें हें शीलाचें काम आहे. त्यास लागणारे गुण पाहिले तरी हें दिसून येईल. क्षुल्लक गोष्ट आधीं पाहण्यास निगर्वीपणा लागतो. मालक घाई करीत असतां प्रश्न विचारीत राहण्यास धैर्य लागतें. आपला पहिला अंदाज चुकीचा ठरवूं शकेल अशी परीक्षा आपणच योजण्यास सत्यनिष्ठा लागते. आणि अडविणाऱ्याचें म्हणणें ऐकून घेण्यास न्यायबुद्धि लागते. हे गुण ज्याच्या अंगीं आहेत तो लहानशा वर्कशॉपांत काम करीत असो कीं न्यायासनावर बसलेला असो, तो एकाच जातीचा मनुष्य आहे. तापलेलें तेल गळतें आहे कीं काय हें कुशल मेकॅनिक हातानें चांचपून पाहत नाहीं. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतूनही तें कातडी भेदून शरीरांत शिरतें हें तो जाणून असतो, म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरून पाहतो. आपल्या मनाच्या तापलेल्या स्थितींत दुसऱ्याच्या दोषास हात घालतांना आपणही मध्यें असाच एखादा पुठ्ठा धरीत गेलों, तर दुसऱ्याचें अहित टळेल आणि आपलाही हात भाजणार नाहीं.